नर फांदीवरचं फळ

वाळलेली झाडं कागदावर शिवायची नोकरी असते आणि तिचा दरमहा पगार मिळतो, हे सुईताईंच्या नवऱ्याला लग्नानंतर वर्षभर तरी खरं वाटलं नव्हतं. बायको कपड्यांच्या कारखान्यात जाते आणि सांगायला लाजते, असं त्यांनी आपल्या आईला परस्पर सांगूनही टाकलं होतं. शेवटी सुईताई त्यांना एक दिवस वनस्पती संग्रहालयात घेऊन गेल्या आणि लोखंडी कपाटं उघडून आतल्या शीटांचे गठ्ठेच त्यांनी समोर ठेवले. तेव्हा कुठे त्या माणसाची खात्री पटली. त्यावरही ते काय म्हणाले, तर "एवढा सगळा पाचोळा, आणि कुणी फेकत कसं नाही?"

फेकायचं नाही, हाच त्या जागेचा पहिला नियम होता. जंगलातून आणलेली फांदी दाबून वाळवायची, जाड कागदावर चिकटवायची, डिंक पुरणार नाही तिथे सुईदोऱ्याने टाका घालायचा, कोपऱ्यात लेबल लावायचं. एकदा कपाटात गेली की ती शीट शे-दीडशे वर्षं हलत नाही. तिच्यावरचं काही काढायचं नाही, काही खोडायचं नाही. आधीच्या माणसाने झाडाला चुकीचं नाव दिलंय असं वाटलं, तर खाली आपली चिठ्ठी चिकटवायची: माझ्या मते हे अमुक, मग सही आणि तारीख. त्यामुळे काही शीटांवर मोठमोठ्या विद्वानांची तीन-तीन पिढ्यांची भांडणं वाचायला मिळतात. फक्त शिवणारीचं नाव कुठेच नसतं. सुईताईंना त्याची खंत नव्हती. टाका दिसला नाही म्हणजेच तो नीट बसला, असं त्या मानत.

छत्तीस वर्षं त्यांनी हे काम केलं. खरं नाव हजेरीपटापुरतं उरलं होतं, शिपायापासून संचालकांपर्यंत सगळ्यांच्या त्या सुईताईच. निवृत्तीला दीड महिना राहिला होता. कामाच्या बाबतीत त्या नाकावर माशी बसू देत नसत. नव्या मुलींना शिकवताना त्यांचं एक वाक्य ठरलेलं असे: "माझ्या हातून एक पान इकडचं तिकडे झालेलं नाही, कपाटं उघडून बघा." कपाटं कोण उघडून बघणार? दोन लाख शीटा होत्या. त्यामुळे हे वाक्य छत्तीस वर्षं बिनविरोध चाललं होतं.

आणि मग कपाट उघडणारी एक बाई आली.

ती दूरच्या विद्यापीठातून आली होती, आबनूसाच्या कुळाची नव्याने मांडणी करायला. काळंभोर लाकूड देणारा आबनूस, आपली टेंभुर्णी आणि फळवाल्याकडे मिळणारं केशरी पर्सिमॉन ही सगळी एकाच कुळातली भावंडं. या कुळात किती जाती खऱ्या आणि किती नुसत्या कागदावरच्या, ते तिला ठरवायचं होतं. बाई पन्नाशीची, बोलायला मऊ. दिवसभर भिंगाखाली मान घालून बसायची, चहा गार करून प्यायची. सुईताईंना ती आवडली, कारण शीट उचलताना ती दोन्ही हातांनी उचलायची. अर्धे विद्वान कोपऱ्याला धरतात आणि पानं मोडतात.

आठव्या दिवशी सकाळी पाहुण्या बाईने त्यांना हाक मारली. टेबलावर लाल कडेची घडी उघडी होती. लाल कडेत नुसती शीट ठेवत नाहीत, 'टाइप' ठेवतात. जिच्यावरून एखाद्या जातीला पहिल्यांदा नाव दिलं गेलं, ती मूळ शीट. ही शीट कुणाची ते सुईताईंना न विचारताच कळलं. मोठ्या सरांची होती.

मोठे सर म्हणजे संग्रहालयाचे जुने प्रमुख. आता वय सत्त्याऐंशी, गुडघे गेलेले, घरी लेकीजवळ असत. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्यांनी नावं दिलेली झाडं ओळखली आणि स्वतः नाव दिलं ते एकाच झाडाला. या कुळात नर फुलं एका झाडावर आणि मादी फुलं दुसऱ्या झाडावर येतात, नवराबायकोने कायमची दोन बिऱ्हाडं केल्यासारखी. फळ धरतं ते फक्त मादी झाडाला. सरांना मात्र एका टेकडीवरच्या झाडाची अशी फांदी मिळाली होती, जिच्यावर नर फुलंही होती आणि फळही. त्यांनी तिला नवी जात ठरवलं आणि लॅटिनमध्ये 'एका घरात नांदणारी' अशा अर्थाचं नाव दिलं. तोवर ती टेकडीच धरणाच्या कामात खणून निघाली होती. तसं झाड पुन्हा कुणाला दिसलं नाही. सर दरवर्षी फुलांच्या दिवसांत आसपासचे डोंगर धुंडाळायचे, गुडघ्यांनी दगा देईपर्यंत. नामशेष झालेल्या झाडांच्या यादीत ते नाव छापलेलं होतं आणि ती यादी व्हरांड्यातल्या भिंतीवर लावलेली होती.

"ताई, तुमची नजर मला उसनी हवीय," पाहुणी बाई म्हणाली. "ही फुलं बघा. पेल्याला चार पाकळ्या. आणि हे फळ. खालची टोपी पाच पाकळ्यांची."

फुलाचा पेलाच पुढे फळाखाली टोपी होऊन सुकून राहतो, ही या कुळाची खूण; म्हणून दोन्हीकडे आकडा सारखा हवा. भिंगातून सुईताईंनी दोनदा मोजलं. चार आणि पाच.

"सरांनी लिहिलंय तसं. फुलात चार, फळात पाच," सुईताई म्हणाल्या. त्यांना ते पाठ होतं.

"लिहिलंय खरं. पण असं झाड जगात दुसरं नाही. मला वाटतं, तेही नव्हतं." बाईने सरांची जंगलातली वही पुढे सरकवली. "या नंबरासमोर नुसतं 'फुलं' लिहिलंय. फळाचा उल्लेख नाही. फांदी एका साध्या नर झाडाची आहे, त्या जातीच्या चाळीस शीटा तुमच्याच कपाटात आहेत. फळ दुसऱ्याच जातीचं. तेही सगळीकडे मिळतं. ते या फांदीवर कुणीतरी आणून बांधलंय."

"कुणीतरी म्हणजे?"

"ते मला माहीत नाही, आणि मी तर्कही लिहिणार नाही. 'फळ मागाहून बांधलेलं आहे', एवढंच लिहीन. नाव फांदीवरून धरायचं, आणि फांदी जुन्याच जातीची, त्यामुळे सरांनी दिलेलं नाव त्या जुन्या नावाच्या पोटात जाईल, वेगळी जात उरणार नाही." तिने चष्मा काढला. "वाचणारे काय समजायचं ते समजतील. मी ते थांबवू शकत नाही. म्हणून विचारतेय. तुम्हाला काही आठवतं?"

वाचणारे काय समजतील, ते सुईताईंना स्वच्छ दिसलं. सरांनी नाव कमावण्यासाठी फळ बांधलं. सुईताईंचा संताप झाला. आयुष्यात कुणाची पेन्सिल परत करायला न विसरलेला माणूस! त्या बाईला दोन शब्द सुनवायला त्यांनी तोंड उघडलं, आणि तेवढ्यात त्यांची नजर फळाच्या दोऱ्यावर गेली.

गाठ वरच्या बाजूला होती.

सुईताईंच्या एकाही शीटवर गाठ वर नसते, ती कागदाच्या मागे असते. पण नोकरीच्या पहिल्या तीन आठवड्यांत त्यांना ते कुणी शिकवलं नव्हतं. तेव्हाच्या जुन्या शिवणाऱ्या बाई आजारी होत्या, आणि बावीस वर्षांची ही नवी मुलगी आपल्या अकलेने गाठी मारत होती, दोन वेढे, वर फुली. समोरच्या गाठीला दोन वेढे होते. वर फुली होती.

"बघते आठवून," असं काहीतरी बोलून त्या आपल्या खोलीत आल्या आणि डिंकाच्या भांड्यासमोर बसल्या.

आठवायला काही कष्ट पडले नाहीत, हेच वाईट. फळं जाड असतात, दाबून वाळत नाहीत, म्हणून ती वेगळ्या ट्रेमध्ये नंबराच्या चिठ्ठ्यांवर वाळत ठेवतात. नोकरीचा दुसरा आठवडा. सर टेकडीवरून मोठा गठ्ठा घेऊन आले होते. ट्रे उचलताना सुईताईंचा पदर कपाटाच्या कडीत अडकला आणि सगळी फळं, सगळ्या चिठ्ठ्या जमिनीवर. खोलीत कुणी नव्हतं. त्यांनी गुडघ्यांवर बसून एकेक फळ गोळा केलं, आकार बघून, रंग बघून, ज्याचं त्याला दिलं. सगळं जुळलं. शेवटी हातात एक फळ उरलं आणि टेबलावर बिनफळाची एक फांदी उरली.

झाडांत नर-मादी वेगळी असतात, हे तेव्हा त्यांच्या गावीही नव्हतं. फांदी फळाविना असूच शकते, किंबहुना नर फांदी तशीच असते, हे त्यांना कोण सांगणार? एक उरलं इथे, एक कमी तिथे. त्यांनी हिशोबाने ते फळ त्या फांदीला बांधलं आणि कुणाच्या लक्षात आलं नाही म्हणून सुटकेचा निःश्वास टाकला. नोकरी कच्ची होती, घरात धाकट्या बहिणींची शिक्षणं होती. आठवडाभरात त्या ते विसरल्या.

संध्याकाळी नवऱ्याच्या लक्षात आलं की बायको आज रेडिओवरच्या निवेदिकेच्या चुका काढत नाहीये. म्हणजे प्रकरण गंभीर. त्यांनी विचारलं आणि सुईताईंनी सगळं सांगितलं.

"मग प्रश्न काय आहे?" ते म्हणाले. "गप्प बस. दीड महिन्याने घरी येशील. गाठ तुझी आहे हे कुणाला कळणार?"

"आणि सरांना लोक लबाड म्हणतील ते?"

"मग त्या बाईला सांग, माझ्या हातून झालं म्हणून."

"तिला सांगितलं की छापून येणार. सरांना ते छापलेलं वाचून कळायचं? अहो, एकच झाड आहे हो त्यांचं. वाढदिवसाला विद्यार्थी त्याचंच चित्र काढून देतात. मी जाऊन सांगू, की सर, तुमचं झाड म्हणजे माझ्या पदराचा घोळ होता?"

नवऱ्याने रेडिओ बंद केला. हा माणूस थट्टेखोर असला तरी वेळेला बरोबर बोलतो. "लग्न झाल्यापासून तू मला सांगतेस, शीटवरचं काही लपवायचं नसतं," ते म्हणाले. "आता तू ठरव."

दुसऱ्या दिवशी सुईताईंनी अर्धी रजा टाकली. तिसऱ्या मजल्याचा जिना त्या दोनदा चढल्या, कारण एकदा दाराशी जाऊन परत खाली उतरल्या होत्या. दार सरांच्या लेकीने उघडलं. "बरं झालं आलात, बाबा तुमची आठवण काढतात," असं म्हणून ती चहा ठेवायला गेली.

सर खिडकीशी खुर्चीत बसले होते. गुडघ्यांवर शाल, मांडीवर वर्तमानपत्र, हातात भिंग. आता ते झाडं सोडून बातम्या भिंगाखाली घेत. "ये पोरी," ते म्हणाले. अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला पोरी म्हणणारं आता तेवढं एकच माणूस राहिलं होतं. सुईताईंना तिथेच रडू यायला लागलं, पण त्यांनी ते गिळलं.

त्या खुर्चीच्या टोकावर बसल्या आणि इकडचं तिकडचं काही न बोलता त्यांनी सांगून टाकलं. ट्रे, पदर, जमिनीवरची फळं, उरलेलं एक फळ, उरलेली एक फांदी, वर मारलेली गाठ. पाहुण्या बाईने मोजलेल्या चार आणि पाच पाकळ्या. वहीत नसलेलं फळ. बोलताना त्या सरांच्या तोंडाकडे बघत नव्हत्या, शालीच्या किनारीकडे बघत होत्या. "सर, तुमचं एकुलतं एक नाव मी बुडवलं," त्या शेवटी म्हणाल्या. "मला काय बोलायचं ते बोला. पण त्या बाईला मी आज लिहून देणार आहे. गाठ माझी आहे म्हणून. तुमच्यावर कुणी बोट ठेवलेलं मला चालणार नाही."

वर्तमानपत्र मांडीवरून घसरून खाली पडलं. सुईताईंनी ते उचललं, घडी घातली, पुन्हा घडी घातली.

"फांदी कसली म्हणाली ती?" सरांनी विचारलं.

त्यांनी जातीचं नाव सांगितलं. "आपल्या कपाटात चाळीस शीटा आहेत."

"आणि फळ?"

त्यांनी तेही सांगितलं. "ते तर रस्त्याच्या कडेलासुद्धा मिळतं, सर."

"म्हणजे दोन्ही ओळखीची."

"दोन्ही."

"नक्की? तू बघितलंस?"

"मी बघितलं. भिंगाखाली. दोनदा मोजलं."

सरांनी भिंग खिडकीत ठेवलं. "त्या टेकडीवर मी हौसेने गेलो नव्हतो," ते म्हणाले. "धरणाच्या खात्याने पाठवलं होतं. खणायच्या आधी त्यांना एक कागद हवा होता, इथे दुर्मीळ काही नाही म्हणून. पंधरा दिवसांची मुदत. गठ्ठा ओलाच होता, अजून तुझ्याकडे यायचा होता. मी वही चाळली आणि लिहून दिलं. 'सर्व झाडे परिचित. इतरत्र विपुल.' खाली सही केली."

हे सुईताईंना ठाऊक नव्हतं. कुणालाच नव्हतं.

"चार महिन्यांनी तुझी शीट माझ्या टेबलावर आली. मी ते फळ बघितलं. पहिली गाडी पकडून गेलो. टेकडी राहिली नव्हती. नुसता खड्डा होता, लाल. लोकांना वाटायचं, सरांना आपल्या झाडाचं केवढं वेड. दरवर्षी शोधायला जातात. वेड कसलं! मी एक झाड तरी जिवंत सापडेल म्हणून जायचो. एक सापडलं असतं तरी पुरे होतं. पृथ्वीवरून एक जात गेली आणि तिच्या कागदावर माझी सही होती. बायकोलाही कधी सांगितलं नाही. त्याचं नाव मी मुद्दाम चांगलं ठेवलं, घरातल्या माणसासारखं. दुसरं काय करू शकत होतो?"

सुईताईंना वाटलं होतं की आपण सरांकडून काहीतरी काढून घ्यायला आलो आहोत. आता त्यांना कळलं की त्या दिवशी ट्रेमधून काय सांडलं होतं, आणि ते छत्तीस वर्षं कुणी उचललं होतं. डोळ्यांतलं पाणी आता गिळता येईना. "माझ्यामुळे, सर," त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं. तुम्ही डोंगर चढत होतात आणि मी सांगत फिरत होते, माझ्या हातून एक पान इकडचं तिकडे झालं नाही म्हणून. एका शब्दाने बोलला असतात तर..."

"तर तुला आठवलं असतं?"

खरं सांगायचं तर नसतं आठवलं. त्यांनी मान हलवली.

"मग रडतेस कशाला? तू आज आली नसतीस, तर मी हे बरोबर घेऊनच गेलो असतो." सर खुर्चीत मागे टेकले. त्यांच्याही गालांवरून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं त्यांच्या लक्षात नव्हतं. "मी खरं लिहिलं होतं," ते हळूच म्हणाले. "सर्व झाडे परिचित. खरंच होती की परिचित. इतरत्र विपुल."

लेक चहा घेऊन आली ती दारातच थबकली. एक म्हातारा आणि एक म्हातारी होऊ घातलेली बाई, दोघंही रडताहेत आणि त्यातला एक हसतोही आहे. "काय झालं? बाबा, काय झालं?"

"काही नाही गं," सर म्हणाले. "तू पण बस. हिला सांगू दे." आणि ते सुईताईंकडे वळले. चेहरा असा, की सुईताईंनी तो इतक्या वर्षांत कधी पाहिला नव्हता.

"परत सांग, पोरी. ट्रे पडला, तिथपासून."